कुटुंबाची मोटार : पेरुंगुडीतून मांडलेला हिशेब

चेन्नईच्या दक्षिणेस, जुन्या महाबलिपुरम रस्त्यावर पेरुंगुडी वसले आहे. २०११ पर्यंत ही स्वतंत्र नगर पंचायत होती. त्या वर्षी तिचा समावेश महानगरपालिकेत झाला. माहिती तंत्रज्ञानाच्या कंपन्या या रस्त्यावर येत गेल्या, तशा शेतजमिनी आणि छोटे कारखाने यांच्या जागी काचेच्या इमारती आणि उंच गृहसंकुले उभी राहिली. पुणे, मुंबई, नागपूर, कोल्हापूर येथून नोकरीनिमित्त आलेली मराठी कुटुंबेही येथील संकुलांत राहतात. नव्या शहरात बस्तान बसले, मुलांच्या शाळा ठरल्या आणि गावाकडचे आईवडील वर्षातून दोन-तीन महिने येऊन राहू लागले, की एक विषय घरात हमखास निघतो : आता एक मोटार हवी.

मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आयुष्यात घरानंतरची सर्वांत मोठी खरेदी म्हणजे मोटार. घर आणि मोटार यांत एक मूलभूत फरक मात्र आहे. घराची किंमत सर्वसाधारणपणे वाढत जाते, मोटारीची किंमत दालनातून बाहेर पडल्या क्षणापासून घटू लागते. विमा कंपन्यांच्या प्रचलित कोष्टकानुसार दुसऱ्या वर्षात विम्यासाठी २० टक्के घसारा धरला जातो, तर चौथे वर्ष सरून पाचवे सुरू झाले की निम्मी किंमत वजा होते. म्हणूनच हौसेला मोल नसले तरी हौसेचा हिशेब असावा लागतो, आणि तो दालनात जाण्यापूर्वी घरीच मांडलेला बरा.

चेन्नईच्या मोटारींनी दिलेले धडे

चेन्नईला मोटारींची नगरी म्हटले जाते ते उगीच नाही. आजच्या ग्राहकाला उपयोगी पडतील असे काही धडे या शहराच्या इतिहासातच सापडतात. स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया ही मद्रासची जुनी कंपनी. १९६१ पासून तिने बनविलेली 'स्टँडर्ड हेरल्ड' एका पिढीच्या चांगल्याच परिचयाची होती. या कंपनीने १९८५ मध्ये 'स्टँडर्ड २०००' ही ऐसपैस आणि देखणी मोटार बाजारात आणली. बाह्यरूप ब्रिटनमधील रोव्हरचे, इंजिन मात्र जुन्या धाटणीचे, दोन लिटरचे. रूपावर लोक भाळले. पण किमतीने ती सामान्यांच्या आवाक्याबाहेर होती आणि पेट्रोलची तिची भूकही मोठी होती. काही वर्षांतच उत्पादन थांबले. कंपनीच्या वंडलूर आणि पेरुंगुडी येथील मालमत्ता अखेरीस २००६ मध्ये विकल्या गेल्या.

त्याच सुमारास, डिसेंबर १९८३ मध्ये, उत्तरेत 'मारुती ८००' अवतरली होती. अवघे ७९६ सीसीचे इंजिन, सुमारे ५०,००० रुपये किंमत, बेताचे पेट्रोल आणि गावोगावी होणारी दुरुस्ती एवढ्या भांडवलावर ती तीस वर्षे टिकली; तिचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. पुढे १९९८ मध्ये चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टै येथील कारखान्यातून ह्युंदाईची 'सँट्रो' बाहेर पडली. उंच छत, चढण्या-उतरण्यास सोपी बैठक आणि आटोपशीर आकार यांमुळे ती कुटुंबाची गाडी ठरली.

स्वस्तपणा एकटा पुरेसा नसतो, हे 'नॅनो'ने दाखवून दिले. जानेवारी २००८ मध्ये जगभर गाजलेली ही मोटार २०१८ नंतर तयार झाली नाही. नावाजलेली कंपनीही कायमची असतेच असे नाही. चेन्नईच्या दक्षिणेस मरैमलै नगर येथे कारखाना असलेल्या फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातील उत्पादन बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. सेवा चालू ठेवण्याची हमी कंपनीने दिली, तरी आपली गाडी पुढे कोण घेणार ही चिंता हजारो मालकांना लागलीच. थोडक्यात, रूप, किंमत, इंधन, दुरुस्ती आणि कंपनीचे स्थैर्य या पाचही बाजू तपासल्याशिवाय निर्णय पुरा होत नाही.

आधी गरज, मग गाडी

मोटारीची निवड जाहिरातीपासून सुरू करू नये. ती कुटुंबाच्या दिनक्रमापासून सुरू करावी. समजा, पेरुंगुडीत राहणारे एक मराठी कुटुंब आहे : नवरा-बायको, शाळकरी मुलगी आणि अधूनमधून येणारे आजी-आजोबा. दोघांच्याही कचेऱ्या याच रस्त्यावर पाच-सहा किलोमीटरच्या आत आहेत. रोजची ये-जा बसने, दुचाकीने किंवा कंपनीच्या वाहनाने भागते. मोटार लागते ती पावसाळ्यात, दवाखान्यासाठी, बाजारहाटासाठी, सुटीत महाबलिपुरम किंवा तंजावर पाहण्यासाठी आणि वर्षातून एकदा पुण्याला जाण्यासाठी.

शहरातील फिरणे महिन्याला ४०० किलोमीटर धरले तर वर्षाचे ४,८०० होतात. पुणे येथून सुमारे १,२०० किलोमीटर आहे. जाऊन-येऊन २,४०० झाले. वर्षाची एकूण बेरीज ७,२०० किलोमीटर, म्हणजे महिन्याला सरासरी ६००. हा एक आकडा हाती आला की पुढील निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. ज्या घरातील व्यक्ती रोज सिरुसेरीपर्यंत किंवा श्रीपेरुंबुदूरपर्यंत मोटारीने जाते, त्या घराचा आकडा महिन्याला १,५०० किलोमीटरवर जाईल आणि त्याचे उत्तरही वेगळे येईल.

पाचवी व्यक्ती वर्षातून दोन महिने बसणार असेल तर तिच्यासाठी सात आसनी गाडी घेणे परवडत नाही. मात्र गुडघेदुखी असलेल्या आजींना गाडीत सहज बसता-उठता येते का, हे त्यांनाच प्रत्यक्ष बसवून पाहावे. मागच्या आसनापर्यंत वातानुकूलन पोहोचते का, याचीही परीक्षा चेन्नईच्या मे महिन्यातील दुपारी घ्यावी; संध्याकाळच्या गार वाऱ्यात घेतलेली चाचणी फसवी ठरते.

मायलेजचे गणित

प्रत्येक मोटारीबरोबर सांगितला जाणारा 'प्रतिलिटर किलोमीटर' हा आकडा प्रयोगशाळेत ठरतो. पुण्याच्या वेताळ टेकडीवरील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही १९६६ मध्ये स्थापन झालेली संस्था अशा चाचण्यांसाठी प्रसिद्ध आहे. तिच्यामुळे त्या टेकडीचा एक भाग पुणेकरांच्या तोंडी 'एआरएआय टेकडी' झाला आहे. चाचणीत गाडी रोलरवर ठरावीक वेगाने धावते. तेथे सिग्नल नसतो, पाणी साचत नाही, मेट्रोच्या खोदकामासाठी रस्ता अरुंद झालेला नसतो. म्हणून हा आकडा दोन गाड्यांची तुलना करण्यासाठी उपयोगी. आपल्या खिशाचा अंदाज बांधण्यासाठी मात्र त्यातून पाचवा ते तिसरा हिस्सा वजा करावा. आपल्या गाडीचा खरा आकडा काढायचा तर टाकी काठोकाठ भरावी, किलोमीटर टिपावे, काही दिवसांनी त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भरावी आणि कापलेल्या किलोमीटरना भरलेल्या लिटरनी भागावे. असे तीन-चार वेळा केले की सरासरी विश्वासार्ह ठरते.

आता पैशांकडे वळता येईल. हिशेबाच्या सोयीसाठी पेट्रोल १०० रुपये लिटर धरले आहे. वर उल्लेखिलेल्या कुटुंबाने प्रत्यक्षात १५ किलोमीटर देणारी गाडी घेतली, तर वर्षाला ४८० लिटर पेट्रोल लागेल. २० किलोमीटर देणारी घेतली तर ३६० लिटर. बचत १२० लिटरची, म्हणजे वर्षाला १२,००० रुपयांची. अधिक मायलेज देणाऱ्या गाडीसाठी दीड लाख रुपये जादा मोजावे लागत असतील, तर ते वसूल होण्यास साडेबारा वर्षे लागतील. महिन्याला १,५०० किलोमीटर फिरणाऱ्या घरात हीच बचत वर्षाला ३०० लिटर, म्हणजे ३०,००० रुपये होते, आणि जादा रक्कम पाच वर्षांत वसूल होते. गाड्या त्याच, किमती त्याच. एका घरासाठी जो शहाणपणा, तो दुसऱ्या घरासाठी उधळपट्टी ठरतो.

आणखी एक बाब सहसा लक्षात येत नाही. प्रतिलिटर १० किलोमीटरवरून १२ वर गेल्यास दर हजार किलोमीटरमागे सुमारे १६.७ लिटर वाचतात. २० वरून २४ वर गेल्यास, वाढ दुप्पट दिसत असूनही, वाचतात केवळ ८.३ लिटर. मुळातच काटकसरी असलेल्या दोन मोटारींमध्ये एक-दोन किलोमीटरच्या फरकासाठी फार ताणाताण करू नये. त्याऐवजी आसने, ब्रेक, सेवा केंद्राचे अंतर यांकडे लक्ष द्यावे.

कोणते इंधन?

पेट्रोल आणि डिझेल यांच्या किमतींतील पूर्वीची मोठी तफावत, ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाल्यानंतर, राहिलेली नाही. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ निकषांमुळे डिझेल गाड्यांची यंत्रणा महागली आणि छोट्या गाड्यांतून डिझेल जवळपास हद्दपार झाले. शिवाय आधुनिक डिझेल इंजिनातील काजळी गाळणाऱ्या जाळीला अधूनमधून लांब पल्ल्याची धाव लागते. पाच किलोमीटरच्या फेऱ्यांसाठी डिझेल घेणे म्हणजे भाजी आणायला मालमोटार नेण्यासारखे आहे.

सीएनजी स्वस्त पडतो. पण टाकी सामानाची जागा अडवते आणि तिची दाबचाचणी दर तीन वर्षांनी करून घ्यावी लागते. मुंबई-पुण्याच्या मानाने चेन्नईत सीएनजी उशिरा आला. त्यामुळे घराजवळ आणि नेहमीच्या वाटेवर पंप कोठे आहे, तेथे रांग किती लागते, हे स्वतः पाहावे. विजेवरील मोटारींवर वस्तू व सेवा कर ५ टक्के आहे आणि रोजचा खर्च सर्वांत कमी येतो. संकुलातील स्वतःच्या वाहनतळावर चार्जर बसविण्यास सोसायटीची लेखी अनुमती मिळते का, आणि तो वाहनतळ तळघरात आहे का, हे दोन प्रश्न येथे किमतीइतकेच महत्त्वाचे आहेत.

पेट्रोलच्या बाबतीत २० टक्के इथेनॉलचे मिश्रण आता सर्वत्र झाले आहे. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात, जुन्या रचनेच्या चारचाकींचे मायलेज अशा इंधनाने ६ ते ७ टक्के घटेल, तर त्यासाठी जुळवून घेतलेल्या इंजिनांत घट १ ते २ टक्केच राहील, असा अंदाज दिला होता. जुनी मोटार घेणाऱ्याने म्हणूनच ती एप्रिल २०२३ नंतरची आहे का आणि उत्पादकाने तिला या इंधनास योग्य ठरविले आहे का, हे पुस्तिकेत पाहून घ्यावे.

सुरक्षितता ही चैन नव्हे

काटकसरी गाडी म्हणजे पत्र्याचा डबा, अशी एक समजूत आहे. ती आता जुनी झाली. ऑक्टोबर २०२३ पासून 'भारत एनकॅप' ही अपघात-चाचणीची स्वदेशी पद्धत लागू झाली असून तिचे तारांकन कोणालाही पाहता येते. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या नव्या 'डिझायर'ला ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठी पाच तारे मिळाले आणि तिचे प्रमाणित मायलेज २४ किलोमीटरच्या पुढे आहे. दोन्ही गोष्टी एका गाडीत नांदू शकतात, हे यावरून दिसते.

अंदाजपत्रक ताणायचेच असेल तर ते मिश्रधातूची चाके, छतावरील काच किंवा मोठा पडदा यांसाठी ताणू नये. एअरबॅगा, गाडीचा तोल सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, मागील तिन्ही आसनांना तीन बिंदूंचे पट्टे आणि लहान मुलाचे आसन घट्ट बसविण्याची सोय यांसाठी ताणावे. आणि पट्टा मागे बसणाऱ्यांनीही लावावा. आजोबांनी 'मागे कशाला?' म्हटले तरी.

पेरुंगुडीचा पाऊस आणि विमा

पेरुंगुडीच्या अंगाला पल्लिकरणैची पाणथळ भूमी आहे. दक्षिण चेन्नईचे पावसाचे पाणी तेथे जिरायचे आणि पुढे समुद्राकडे वाहायचे. वस्ती, रस्ते आणि कचऱ्याचे ढिगारे यांनी तिचा विस्तार आक्रसत गेला. २०२२ मध्ये ती रामसर यादीत नोंदली गेली. परंतु गमावलेली जागा परत मिळालेली नाही. डिसेंबर २०१५ चा महापूर आणि डिसेंबर २०२३ मधील 'मिचौंग' चक्रीवादळ या दोन्ही वेळी वेळच्चेरी, पल्लिकरणै, पेरुंगुडी हा पट्टा पाण्याखाली गेला. तळमजल्यावरील आणि तळघरातील असंख्य मोटारी बुडाल्या. त्याचा परिणाम ऑक्टोबर २०२४ मध्ये दिसला. अतिवृष्टीचा इशारा मिळताच रहिवाशांनी आपापल्या मोटारी वेळच्चेरीच्या उड्डाणपुलावर नेऊन कडेने रांगेत उभ्या केल्या. कर्ज काढून घेतलेली वस्तू वाचविण्यासाठी माणसाने केलेली ती धडपड होती.

या भागात विमा हा मोटारीचाच एक सुटा भाग समजावा. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीस तीन वर्षांचा त्रयस्थ-पक्ष विमा सक्तीचा आहे. पण तो दुसऱ्याच्या नुकसानीचा. आपली गाडी बुडाली तर त्यातून एक रुपयाही मिळत नाही. त्यासाठी सर्वसमावेशक विमा हवा. त्यात पुराचा समावेश असतो. तरीही एक खाचखळगा राहतो. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न केला की इंजिनात पाणी शिरून आतील दांडे वाकतात. याला परिणामजन्य नुकसान मानून दावा नाकारला जाऊ शकतो. म्हणून इंजिन-संरक्षणाची पुरवणी घ्यावी आणि पाण्यात बंद पडलेल्या गाडीची किल्ली पुन्हा फिरवू नये. बॅटरीची जोडणी सोडवावी, छायाचित्रे काढावीत, विमा कंपनीस कळवावे आणि गाडी ओढून न्यावी. पहिल्या तीन-चार वर्षांत घसाराविरहित पुरवणीही उपयुक्त ठरते. जुनी गाडी विकून नवी घेणाऱ्याने आपली 'नो क्लेम' सवलत नव्या विम्यात वळती करून घ्यायला विसरू नये. ती ५० टक्क्यांपर्यंत असू शकते.

बुडालेल्या मोटारींचे पुढे काय होते, हेही ध्यानात घ्यावे. कित्येक गाड्या धुऊनपुसून दूरच्या शहरांत विक्रीस येतात. जुनी गाडी पाहताना आसनपट्टा शेवटपर्यंत बाहेर ओढावा. चिखलाची रेघ तेथे लपत नाही. आसनाखालच्या पट्ट्यांवरील गंज, दिव्यांतील धुके, गालिच्याखालचा कुबट वास या खुणा पाहाव्यात. विम्याच्या दाव्यांचा इतिहास मागावा आणि अधिकृत केंद्रातील सेवानोंदी तपासाव्यात. विश्वासू कारागिराला दिलेले हजार-दोन हजार रुपये येथे लाखाचे काम करतात.

किंमत : दालनातील आणि रस्त्यावरील

२२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल मोटारींवरील वस्तू व सेवा कर, अधिभार धरून पूर्वी २९ टक्के होता, तो १८ टक्के झाला. छोट्या मोटारींना याचा मोठा लाभ झाला. तथापि दालनातील किमतीवर राज्याचा कर, विमा, नोंदणी यांची भर पडते. तामिळनाडूत नोव्हेंबर २०२३ मध्ये लागू झालेल्या दरांनुसार ५ ते १० लाखांच्या मोटारीवर १३ टक्के आणि १० ते २० लाखांच्या मोटारीवर १८ टक्के आजीवन कर आहे. म्हणजे ९,९०,००० रुपयांच्या गाडीवर १,२८,७०० रुपये, तर १०,१०,००० रुपयांच्या गाडीवर १,८१,८०० रुपये. किमतीत २०,००० चा फरक, करात ५३,१०० चा! एखादी शोभेची वस्तू निवडताना आपण ही रेषा ओलांडत नाही ना, हे पाहावे.

आपल्या उदाहरणातील कुटुंबाने ६,५०,००० रुपयांची मोटार निवडली, तर कर ८४,५०० रुपये आणि विमा, नोंदणी वगैरे धरून रस्त्यावर येईपर्यंत साडेसात ते पावणेआठ लाख रुपये लागतील. विक्रेत्याने 'हाताळणी शुल्क' म्हणून लावलेली रक्कम, गळ्यात घातलेली उपकरणे आणि त्याच्याच विमा कंपनीचा आग्रह यांबाबत लेखी तपशील मागावा. विमा कोठून घ्यायचा, हे ठरविण्याचा अधिकार ग्राहकाचा आहे.

कर्ज : अंथरूण पाहून

६,००,००० रुपयांचे कर्ज ९ टक्के दराने धरले, तर पाच वर्षांसाठी मासिक हप्ता सुमारे १२,४५५ रुपये येतो आणि एकूण व्याज सुमारे १,४७,३०० रुपये होते. सात वर्षांची मुदत घेतल्यास हप्ता ९,६५३ रुपयांवर उतरतो, पण व्याज सुमारे २,१०,९०० रुपयांवर जाते. हप्त्यातील २,८०० रुपयांच्या दिलाशाची किंमत ६३,६०० रुपये पडते. शिवाय सहाव्या-सातव्या वर्षी टायर, बॅटरी, क्लच यांचे खर्च सुरू होतात. त्याच वेळी हप्तेही चालू असले तर ओढाताण होते.

केवळ हप्ता परवडतो म्हणून गाडी परवडते असे नाही. वरील हप्त्यात महिन्याचे ४० लिटर पेट्रोल, म्हणजे ४,००० रुपये मिळवावे; विमा, देखभाल आणि किरकोळ खर्चासाठी ३,००० रुपये धरावे. मासिक बोजा साडेएकोणीस हजारांच्या घरात जातो. तो पेलताना मुलीच्या शिक्षणाची बचत, आरोग्यविमा आणि किमान चार-सहा महिन्यांच्या खर्चाची गंगाजळी यांना हात लागत असेल, तर गाडी एक पायरी खालची घ्यावी किंवा खरेदी वर्षभर पुढे ढकलावी. ते वर्षभर हप्त्याएवढी रक्कम आवर्ती ठेवीत भरून पाहावी. घराची घडी न विस्कटता ती भरता आली, तर गाडी परवडते याचा तोच पुरावा. आणि जमलेल्या रकमेने कर्जही तेवढे कमी काढावे लागते.

१ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार किरकोळ कर्जदारास 'मुख्य तथ्य विवरण' देणे बंधनकारक आहे. त्यात व्याजाखेरीज सर्व शुल्क धरून येणारा वार्षिक दर एकाच आकड्यात दिलेला असतो. दोन ठिकाणच्या कर्जांची तुलना करायची तर हाच आकडा पाहावा. दर स्थिर असल्यास मुदतीपूर्वी फेडीचे शुल्क किती, हेही विचारून घ्यावे. कर्ज फिटल्यानंतर बँकेचे ना-हरकत पत्र आणि नमुना ३५ घेऊन परिवहन कार्यालयातून नोंदणीवरील बोजा उतरवावा. हे राहून गेले की गाडी विकताना अडचण येते.

महाराष्ट्रातून गाडी आणताना

बदली होऊन आलेल्यांपुढे आणखी एक पर्याय असतो : पुण्यातील जुनी गाडीच येथे आणावी का? दिल्ली ते चेन्नई जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ पुणे, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, बंगळुरू असा येतो, त्यामुळे वाट सरळ आहे. कागदपत्रांची वाट मात्र थोडी वळणाची. एका राज्यातील वाहन दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवायचे तर नव्याने नोंदणी करावी लागते. त्यासाठी मूळ परिवहन कार्यालयाचे नमुना २८ मधील ना-हरकत प्रमाणपत्र, कर्ज असल्यास बँकेची संमती आणि नव्या राज्याचा कर भरणे आवश्यक आहे. महाराष्ट्रात भरलेल्या कराच्या उर्वरित भागाचा परतावा मागता येतो. पण तो आपण अर्ज केल्यावरच मिळतो. हा सारा खर्च आणि खेटे गाडीच्या उरलेल्या आयुष्याशी ताडून पाहावेत. आठ-दहा वर्षांची गाडी बहुधा मूळ गावीच विकणे हिताचे ठरते.

सतत बदल्या होणाऱ्यांसाठी सप्टेंबर २०२१ पासून 'बीएच' मालिकेची सोय आहे. केंद्र व राज्य शासन, सार्वजनिक क्षेत्रातील बँका व उपक्रम यांचे कर्मचारी, तसेच चार किंवा अधिक राज्यांत कचेऱ्या असलेल्या खासगी कंपन्यांचे कर्मचारी तिला पात्र आहेत. कर एकरकमी न भरता दोन-दोन वर्षांचा भरावा लागतो आणि राज्य बदलले तरी नोंदणी बदलावी लागत नाही. राज्याराज्यांतील अंमलबजावणी सारखी नसल्याने संबंधित परिवहन कार्यालयात आधी चौकशी करावी. गावाकडे वारंवार जाणाऱ्यांना राष्ट्रीय महामार्गांवरील वार्षिक फास्टॅग पासही सोयीचा आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये तो ३,००० रुपयांना सुरू झाला आणि एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, यांपैकी जे आधी संपेल तोपर्यंत चालतो.

ताबा घेण्याआधी

गाडी ठरली, कर्ज मंजूर झाले, मुहूर्तही निघाला. तरी ताबा घेण्याच्या आदल्या दिवशी अर्धा तास गाडीसाठी राखून ठेवावा. चासी क्रमांकावरून उत्पादनाचा महिना पाहावा. टायरवरील तारीख, काचांवरील वर्ष, किलोमीटरचा आकडा, रंगाचे ओरखडे, सुटे चाक आणि अवजारे तपासावीत. विमापत्रावरील नाव, इंजिन क्रमांक आणि घेतलेल्या पुरवण्या बरोबर आहेत का, हे दिवसाउजेडी वाचावे. पेढे वाटल्यानंतर सापडलेली चूक दुरुस्त होण्यास फार काळ लागतो.

नंतरचे काम साधे आहे. वेळेवर तेल बदलावे, टायरमधील हवा पंधरा दिवसांनी पाहावी, खारी हवा असल्याने गाडीचा तळ पावसाळ्यानंतर धुऊन घ्यावा आणि प्रत्येक पावती एका फाइलीत ठेवावी. अशा रीतीने सांभाळलेली साधी मोटार दहा-बारा वर्षे कुटुंबाला विनातक्रार साथ देते. त्यांतील पहिली पाच वर्षे बँकेच्या हप्त्यांची. उरलेली सारी मालकाची. ती उरलेली वर्षे जितकी अधिक, तितका खरेदीचा निर्णय शहाणपणाचा, असे खुशाल समजावे.